तुझ्या नावावर खपवलेला नकार

भानू, काल शेडमध्ये तुझी शोकसभा झाली आणि तुझ्याबद्दल धड चांगलं कुणी बोललं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू असतीस तर दारातच मला अडवून विचारलं असतंस, "काय काय बोलल्या माझ्याबद्दल? खरं सांग हां." तर खरं सांगते. बागायतदारांच्या संस्थेचे अध्यक्ष आले होते. ते तुझ्या कष्टाळूपणावर बोलले आणि बोलताना तुझं नाव भारती असं घेत राहिले, आणि मी बसल्या जागेवरून 'भानुमती, भानुमती' म्हणत राहिले. मग बायका उठल्या. कडक होती. तोंडाची फटकळ होती. उशीर झाला की सगळ्यांसमोर खरडपट्टी काढायची. लाडकी उठली आणि म्हणाली, "भूकंपाच्या टायमाला आमाला उन्हात बसवलंन." एवढंच बोलली, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग बसली.

माझ्याबद्दल मात्र सगळ्या गोड बोलल्या. सभा तुझी, आणि कौतुक माझं. ताई समजून घेतात, ताई आहेत म्हणून टिकलो. मी तुझ्या फोटोशेजारी खुर्चीत बसून ते ऐकून घेतलं. माझी पाळी आली तेव्हा 'भानू गेली, शेड पोरकी झाली' असलं काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले. जे बोलायला हवं होतं ते बोललेच नाही. तुला याचं नवल वाटणार नाही. माझी मलाच शिसारी आली, एवढं मात्र लिहून ठेवते.

दोन हजार चौदा साली आपण दोघी एकाच सुमारास इथे लागलो. चिकू धुवायचे, निवडायचे, आकाराप्रमाणे वेगळे करायचे, खोक्यात भरायचे आणि दिवेलागणीच्या आत ट्रक हायवेला लावायचा, एवढंच काम. मी डहाणू रोडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, हिशेब नीट, भाषा नीट, म्हणून मी व्यवस्थापक. तू चिंचणीची, तारापूरच्या कुठल्याशा कंपनीत पॅकिंगवर बायका सांभाळलेली, म्हणून तू सुपरवायझर. आणि बायका सगळ्या तलासरीच्या बाजूच्या पाड्यांवरच्या, घरचं शेत, गुरं, पोरं उरकून जमेल तेव्हा येणाऱ्या. पहिल्याच दिवशी मी ऐटीत तुला सांगितलं, "आपल्याकडे नियम कमी ठेवायचेत." तू पिशवी खुंटीला अडकवत म्हणालीस, "मग भांडणं जास्त होतील. चालेल, मला सवय हाय."

मी तेव्हा ठाण्याला प्रशिक्षण घेऊन आले होते. लवचिक नेतृत्व. एका हॉलमध्ये रंगीत कागदांवर बाण काढत आम्ही शिकलो की प्रत्येक माणूस वेगळा, म्हणून प्रत्येकाशी वेगळं वागावं, सगळ्यांना एका मापाने मोजू नये. मला ते मनापासून पटलं होतं. माझे वडील घरात रेल्वेच्या वेळापत्रकासारखे वागायचे आणि त्याचा जाच मी भोगला होता. मी तुला ते सगळं दुपारच्या डब्याच्या वेळी समजावून सांगितलं. तू सुकट-भाकरी खात होतीस, शेडच्या बाहेर दगडावर बसून, कारण चिकूच्या खोक्यांना वास लागू नये म्हणून शेडमध्ये सुकी मासळी आणायची नाही हा नियम तूच केला होतास आणि तो सगळ्यात जास्त तुलाच नडायचा. सगळं ऐकून म्हणालीस, "छान हाय. वाग तू वेगळंवेगळं. फक्त कोणाला काय बोललीस ते मला सांगत जा."

तेवढंच माझ्याने झालं नाही.

हे बघ, माझी पद्धत सगळी चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही, आणि तू असतीस तर यावरून आपली पुन्हा जुंपली असती. लाडकी गुरं चरायला सोडल्यावरच यायची, ते मी चालू दिलं. तान्ह्या पोरांच्या आया पोरांना घेऊन यायच्या, तेही. दुसऱ्या शेडमधून बायका महिन्याभरात पळायच्या, आपल्याकडच्या टिकल्या. तू म्हणायचीस, "टिकल्या तुझ्यामुळे. पण ट्रक माझ्यामुळे सुटतो." आणि वर हसायचीस. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी नेहमी थट्टेवारी नेला.

होळीचं आठवतं? इकडे होळी दिवाळीपेक्षा मोठी, आणि नेमकी चिकूच्या भर हंगामात. माझ्याकडे एकेक बाई यायची, पदराशी चाळा करत उभी राहायची आणि विचारायची, होळीला गावाला राहू का चार दिवस. मी प्रत्येकीला म्हणाले, "रहा गं, बघू आपण." प्रत्येकीला वाटलं आपल्यालाच सूट मिळाली. ऐन होळीच्या दिवशी शेडमध्ये चिकूचे क्रेट छतापर्यंत आणि निवडायला मी, तू आणि वॉचमन. ड्रायव्हर ट्रकच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, रस्त्यावर जाऊन जीप थांबवलीस आणि पाड्यापाड्यावर जाऊन बायका गोळा करून आणल्यास. कोणाला नाचातून उठवलंस, कोणाला पाहुण्यांच्या ताटावरून. तेव्हापासून तुझं नाव फौजदारीण पडलं. बायका जीपमधून उतरल्या त्या तुला शिव्या घालत आणि माझ्याकडे बघून हसत. मीही हसले. वर तुला म्हणाले, "जरा गोडीत बोलायचं होतंस."

तुमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावरही होळी केवढी असते. त्या वर्षी तुझ्या नातवाची पहिली होळी होती, बाळाला घेऊन होळीभोवती फिरवायचं होतं आणि ते राहून गेलं, हे मला कितीतरी नंतर तुझ्या मुलीकडून कळलं. तुझी होळी कधी असते हे मी तुला विचारलंच नव्हतं. जी मागायला यायची तिच्यासाठी मी वाकायचे. तू कधी मागायला आलीच नाहीस.

माझ्या लवचिकपणाचं खरं गणित हेच होतं, भानू. मी सगळ्यांना हो म्हणायचे, आणि मग त्यातल्या निम्म्या जणींना कुणीतरी नाही म्हणायला लागायचं. ते कुणीतरी म्हणजे तू. एकदा रागाच्या भरात तू हे मला तोंडावर बोललीस. "तू देवी आणि मी राक्षसीण. बरं जमवलंयस." मी दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तूच माझ्या टेबलावर जवळ्याच्या चटणीचा डबा आदळलास आणि म्हणालीस, "खा, आणि तोंड सरळ कर." डबा बाहेर दगडावर बसून खाल्ला आपण दोघींनी. मी चटणीचं कौतुक केलं. माफी मागायची राहून गेली.

मग दोन हजार अठराच्या थंडीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी कुणाला काही वाटेना, ट्रक गेला असेल असं म्हणायचो. मग भांडी वाजायला लागली, भिंतींना चिरा दिसायला लागल्या, लोक घर सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपायला लागले. शाळा झाडाखाली भरायला लागल्या. एका दुपारी शेडचे पत्रे असे खडखडले की मी चपला आतच टाकून पळाले. व्यवस्थापक सर्वांत पुढे! बाहेर येऊन मागे वळून पाहिलं तर तू दारात उभी राहून एकेकीला दंडाला धरून बाहेर काढत होतीस आणि ओरडत होतीस, "चिकू सोडा, चिकू काय पळून जात नाय."

त्या संध्याकाळी आपण ऑफिसात बसलो. मी माझ्या पद्धतीने तोडगा काढला. ज्यांना भीती वाटते त्यांनी अंगणात बसून काम करावं, ज्यांना वाटत नाही त्यांनी आत. ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. मला वाटलं, किती समजूतदार आहोत आपण. तू मान हलवलीस. "भीती सगळ्यांनाच वाटते. मग आत कोण बसेल ठाऊक हाय? जिच्या घरी जास्त नड हाय ती. बाहेर हात मंद चालतो, खोकी कमी भरतात, मजुरी खोक्यावर. तू त्यांना निवड देत नायस ताई. तुझ्या डोक्यावरचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवतेस. एकतर सगळ्या आत, नायतर सगळ्या बाहेर."

मी वाद घातला. खूप घातला. पण तुझं बरोबर होतं आणि मला ते कळत होतं. शेवटी मी म्हणाले, "ठरलं. सगळ्या बाहेर. आपल्या दोघींचा निर्णय." तू विचारलंस, सांगणार कोण? मी म्हणाले, मी, उद्या सकाळी. आणि सकाळी मी संस्थेच्या अध्यक्षांशी फोनवर बोलत बसले. फोन काही एवढा लांबणारा नव्हता, मी लांबवला. बाहेर येईतो तू शेडला कुलूप लावून अंगणात हिरवी जाळी बांधत होतीस आणि बायका तोंडं पाडून खोकी वाहत होत्या.

दिवसभर ऊन, वारा, डोळ्यांत धूळ. आणि खोकी खरंच कमी भरायला लागली. दोघी-तिघी मिळून माझ्याकडे आल्या. लाडकी पुढे होती. "ताय, भानूबाय उन्हात बसवते. आमाला आत बसू दे. आमाला नाय भीती वाटत." मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की हे मीसुद्धा ठरवलंय. तीनच शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, "मी बोलते भानूशी."

यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. त्या समाधानाने परत गेल्या. त्यांना वाटलं ताई आपल्या बाजूने आहे, आडवी येते ती भानू. तू क्रेटच्या थप्पीमागे उभी होतीस हे मला नंतर दिसलं. डब्याच्या वेळी तू हात धुवून माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. "काय बोलणार होतीस माझ्याशी? बोल की." मी ओशाळून हसले. तूही हसलीस आणि म्हणालीस, "राहू दे. मी कोळीवाड्यात वाढलेली, शिव्या माझ्या अंगाला लागत नाय."

तू म्हणालीस आणि मी ते सोयीस्करपणे खरं मानलं.

शेड पडली नाही. एक पत्राही खाली आला नाही. पडली असती तर तुझे पाय धरले असते सगळ्यांनी, पण न पडलेल्या छताखातर कोण कोणाचे आभार मानतं? उन्हाळाभर बायका अंगणात बसल्या आणि तुझ्याशी कामापुरतं बोलल्या. मे महिन्यात लाडकीच्या मुलाचं लग्न निघालं. तिने शेडमधल्या सगळ्यांना बोलावलं, वॉचमनला, ट्रकच्या ड्रायव्हरलासुद्धा. मला न्यायला तर जीप पाठवली. मांडवात खाट टाकून मला बसवलं, माझ्या हातून नवरा-नवरीला आहेर करवला. तुला बोलावणं नव्हतं. मला ते आदल्या दिवशीच ठाऊक झालं होतं आणि तरी मी गेले. न जाणं बरं दिसलं नसतं, असं मी मनाशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तू मला विचारलंस, "जेवण काय होतं?" सरळ विचारलंस, टोमणा नव्हता त्यात. मी सांगितलं, मटण, भात, वर नागलीच्या भाकऱ्या. तू म्हणालीस, "चांगलं केलंन मग." आणि चिकू निवडत राहिलीस. इतकी वर्षं तुला ओळखत होते, तुझा आवाज इतका बारीक झालेला कधी ऐकला नव्हता.

त्याच आठवड्यात तू पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलंस. "ताई, एकदा तूच त्यांना सांग ना. तो नियम आपल्या दोघींचा होता म्हणून. मला दुसरं काय नको." मी लगेच म्हणाले, "सांगते गं, वेळ बघून." हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही. मग पाऊस आला, चिकू कमी झाले, बायका आवणीला, भाताची रोपं लावायला, शेतात गेल्या. मी म्हणाले, सगळ्या परत आल्या की एकदमच सांगू. आवणी उरकली, बायका आल्या. मग म्हणाले, आत्ता कुठे सगळं निवळलंय, परत कशाला उकरायचं. मला काय भीती वाटत होती, सांगू? त्या माझ्याशी आधीसारखं गोड बोलणार नाहीत, ही. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी तुला महिनोन्‌महिने टांगून ठेवलं.

शेवटचं भेटलो ते रस्त्यावर. तुला डहाणूला जाऊन वाढवणवरून चिंचणीला जाणारी एसटी धरायची होती, जीपमध्ये एक पाय टाकून तू विचारलंस, "सांगितलंस?" मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात, नक्की." तू हसलीस आणि आत सरकून बसलीस. चिडली असतीस, दोन शब्द ऐकवले असतेस तर बरं झालं असतं. पुढचा आठवडा उजाडायच्या आत तुझ्या मुलीचा फोन आला.

चिंचणीला तुझ्या घरी आले तेव्हा तुझ्या मुलीने माझे हात धरले आणि म्हणाली, "आई तुमचं नाव फार काढायची." मला तिथून उठून समुद्राकडे चालत जावंसं वाटलं. काय म्हणून काढायचीस माझं नाव? तू माझ्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्यास, माझ्या वाट्याचे नकार दिलेस, आणि घरी जाऊन माझं कौतुक करायचीस? त्या पोरीच्या कडेवर तुझा नातू होता, आता चांगला चालण्याबोलण्याजोगा झालेला. तो माझ्या पर्सच्या चेनशी खेळत राहिला.

आणि त्यानंतर कालची सभा. ज्या बायकांना मी 'वेळ बघून' सांगणार होते त्या सगळ्या एकाच जागी, शांत, माझ्याकडे तोंड करून बसलेल्या. याहून चांगली वेळ कुठली असणार होती? तरी मी शेड पोरकी करून मोकळी झाले.

घरी गेल्यावर अन्न जाईना. आज सकाळी शेडमध्ये आले, बायका नुकत्या क्रेट उघडत होत्या. मी पर्सही खाली ठेवली नाही. म्हणाले, "थांबा जरा. भूकंपाच्या वेळी तुम्हाला बाहेर बसवायचं ठरलं ते एकट्या भानूने ठरवलं नव्हतं. मीही ठरवलं होतं. मीच सांगणार होते, मला हिंमत झाली नाही, म्हणून ते तिच्यावर आलं. तुम्ही तक्रार घेऊन आलात तेव्हाही मी गप्प बसले. तिने मला सांगायला सांगितलं होतं, तरी नाही सांगितलं." वाक्यं अशीच तुटकतुटक आली. मला वाटलं आता कुणीतरी ओरडेल, कुणीतरी उठून जाईल. मला ते हवंही होतं, तुझ्याऐवजी एकदा तरी मला.

कुणी ओरडलं नाही. लाडकीने हातातला चिकू खाली ठेवला, हाताचा चीक पदराला पुसला.

"आमाला ठाऊक हाय, ताय," ती म्हणाली. "आवणीच्या टायमाला मी तापानं पडलेली, तवा भानूबाय घरी आलती. मी भांडलेच तिच्याशी. तवा सांगितलंन तिनं. मंग मी समद्यांना सांगितला."

मी तेव्हा कुठे पर्स खाली ठेवली. मी विचारलं, मग इतके दिवस मला का नाही बोललात? आणि काल? काल सभेत तिच्याबद्दल एकीनेही हे का नाही सांगितलं?

लाडकी बाकीच्यांकडे बघून मग माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता तिच्या.

"तिनं शपथ घातलेली ना. बोलली, तायला काय इचारू नका, ताय एक दिस आपल्या तोंडानं सांगेल, तिला जरा येळ लागतो. काल आमी त्याच्यासाठीच बसून व्हतो."